बेंच ते अंबड

२०२५च्या जूनमध्ये माझा प्रोजेक्ट संपला. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची क्लेम सेटलमेंटची सिस्टीम आमच्या टीमकडे होती. जावा आणि स्प्रिंग या तंत्रांवर तिचं बॅकएंडचं, म्हणजे पडद्यामागचं काम मी बरीच वर्षं करत होते. क्लायंटने व्हेंडर कमी करायचे ठरवले, आमचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि टीममधले बहुतेक जण बेंचवर आलो. आयटीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: बेंच म्हणजे पगार चालू, पण तुमच्या नावावर क्लायंटला बिल लागत नाही. पूर्वी बेंचवरचे दोन-तीन महिने लोक एखादं सर्टिफिकेशन करायचे, घरातली अडलेली कामं उरकायचे, आणि पुढचा प्रोजेक्ट मिळायचा. ते दिवस गेले. त्याच जूनमध्ये टीसीएसने वर्षाला किमान २२५ बिलेबल (क्लायंटला बिल लागणारे) दिवस आणि जास्तीत जास्त ३५ दिवस बेंच असा नियम केला. आमची कंपनी वेगळी, पण आमच्याही ग्रुपवर दिवसभर हाच आकडा फिरत होता.

मी नाशिकची. पुण्यात हिंजवडीला काही वर्षं काढली, २०२०च्या मार्चमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आले आणि इथेच राहिले. नवरा सातपूरला टूलरूममध्ये, सासरे ओझरच्या एचएएलमधून निवृत्त, मुलगी पाचवीत, घर इंदिरानगरला. पुण्याला बिऱ्हाड हलवणं शक्य नव्हतं, आणि माझ्या सगळ्या नोकरीशोधाला ही अट चिकटलेली होती. नाशिकमध्ये अशी घरं पुष्कळ आहेत. कोविडमध्ये परत आलेली, पाथर्डी फाट्याला नाहीतर गंगापूर रोडला फ्लॅट घेतलेली, हप्ते चालू असलेली. मी हे लिहितेय ते मुख्यतः त्यांच्यासाठी.

जुलैच्या शेवटी एचआरची मीटिंग लागली. त्याच सुमारास टीसीएसने २ टक्के म्हणजे सुमारे १२,००० लोक कमी करणार असं जाहीर केलं होतं, त्यामुळे मीटिंगचा विषय काय असेल हे कळायला वेळ लागला नाही. सूर गोड होता. स्वतःहून राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील, रिलीव्हिंग लेटर वेळेत मिळेल. मी कॉलवर हो म्हटलं नाही. "मॅडम, तुम्ही आत्ता जे सांगताय ते सगळं मला मेलवर पाठवा, मी वाचून उत्तर देते," एवढंच म्हणाले. मेल आला तो बराच सावध होता. मग खरी बोलणी सुरू झाली आणि तीन महिन्यांचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि रिलीव्हिंग लेटरची तारीख या चारही गोष्टी लेखी आल्यावरच मी राजीनामा टाकला. ग्रॅच्युइटी हा आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. सलग पाच वर्षं झाली असतील तर शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या हिशोबाने दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो, आणि तो काढताना महिना सव्वीस दिवसांचा धरतात. हे गणित मीटिंगला बसण्याआधी करून ठेवावं.

दुसरी गोष्ट आरोग्य विम्याची. विम्याच्या क्षेत्रात इतकी वर्षं काढल्यामुळे हे माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होतं. कंपनीची ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते. घरात सासू-सासऱ्यांना बीपी-शुगर असेल आणि नवी पॉलिसी घेतली, तर आधीपासूनच्या आजारांसाठी थांबावं लागतं. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या वर्षांचं क्रेडिट मिळतं, पण अर्ज कव्हर संपायच्या आत करावा लागतो. माझ्याबरोबर बाहेर पडलेल्या कितीतरी जणांना हे ठाऊक नव्हतं. पगाराच्या धक्क्यात ही तारीख निघून जाते.

पहिले काही दिवस एकच प्रश्न डोक्यात होता: हे माझ्यामुळे झालं की बाजारामुळे? मी आकडे काढून बसले. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएसची माणसं १३,२४९ने कमी झाली, इन्फोसिसची २५,९९४ने आणि विप्रोची २४,५१६ने. तिघांचे मिळून त्रेसष्ट हजारांवर लोक, आणि यात सगळ्यांना काढलेलं नव्हतं. बरेच स्वतः सोडून गेले आणि त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. त्याआधी २०२१-२२मध्ये याच कंपन्या मिळेल त्याला घेत होत्या. लोक दर वर्षी नोकरी बदलत होते आणि दीडपट-दुप्पट पगार मागत होते. मग अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२मध्ये शून्याजवळ असलेला व्याजदर जुलै २०२३पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. पैसा महाग झाला, क्लायंटनी नवे प्रोजेक्ट लांबवले. चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ला. कपातीचं खापर सरसकट एआयवर फोडणाऱ्यांना मी हा क्रम नीट बघायला सांगते. पहिला तडाखा व्याजदराचा आणि आधीच्या बेसुमार भरतीचा होता.

एआयचा तडाखा नंतर आला, आणि तो वेगळ्या दाराने आला. आमच्याच काँट्रॅक्टच्या नूतनीकरणाच्या बोलण्यात क्लायंटने सरळ विचारलं होतं: तुमची माणसं आता कोड लिहायला ही टूल्स वापरतात, काम लवकर होतं, मग तासांचं बिल तेवढंच का? या प्रश्नाला आमच्या वरिष्ठांकडे उत्तर नव्हतं. कसं असणार? आपल्याकडच्या आयटी सेवांचा पायाच माणशी तास विकण्यावर उभा आहे. तासच कमी लागायला लागले की पाया हलतो. एखाद्या डेव्हलपरला मशीनने हटवलं असं समोरासमोर कुठे दिसत नाही. काँट्रॅक्ट लहान होतं आणि पाचजणांच्या टीममध्ये तिघांचीच जागा उरते.

ऑगस्टमध्ये नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल ताजं केलं. पहिल्या आठवड्यात फोनचा पाऊस पडला. मला वाटलं, चला, बाजार आहे. पण त्यातले बरेचसे नोएडा-बंगळुरूच्या कन्सल्टन्सींचे होते, दुसऱ्याच कुणाच्या पेरोलवर सहा महिन्यांच्या करारासाठी. ठरलेले प्रश्न यायचे: "करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पीरियड किती?" नोटीस नाही म्हटलं की आवाज खुलायचा, कारण नव्वद दिवसांच्या नोटिशीमुळे सगळीकडे 'इमिजिएट जॉइनर'ला मागणी आहे. लोकेशन नाशिक म्हटलं की आवाज पुन्हा पडायचा. २०२१मध्ये 'कुठूनही काम करा' हे जाहिरातीत ठळक असायचं. आता 'हायब्रिड, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस' ही ओळ असते. मी प्रोफाइलमध्ये वरच लिहून टाकलं: राहणार नाशिकमध्ये, पुण्याला महिन्यातून दोन-चारदा यायला तयार. फोन निम्म्याहून कमी झाले, पण जे आले ते कामाचे आले.

रेझ्युमेही मी पूर्ण बदलला. जुन्यात तंत्रांची लांबलचक यादी होती: जावा, स्प्रिंग बूट, काफ्का, ओरॅकल, डॉकर. ही यादी आता सगळ्यांकडे सारखीच आहे, कारण ती टूललाही लिहिता येते. मी प्रत्येक कामाखाली काय बिघडलं होतं, कशामुळे, मी काय केलं आणि त्यानंतर काय थांबलं, असं लिहिलं. दावा दोनदा चुकता होणं, रात्रीचा बॅच सकाळी दहापर्यंत लांबणं, बँकेच्या फाइलमधल्या एका पैशाच्या फरकाने पूर्ण फाइल परत येणं. यावरच पुढे सगळ्या मुलाखतींत बोलणं झालं.

ऑनलाइन चाचण्यांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. कॅमेरा चालू, स्क्रीन लॉक, समोर ग्राफ आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची गणितं. अशी गणितं आजचं कुठलंही चांगलं टूल क्षणात सोडवतं, आणि उमेदवार बाजूला दुसरा फोन ठेवून तेच करतात हे कंपन्यांनाही माहीत आहे. म्हणजे प्रामाणिक माणूस मागे पडतो आणि कंपनीला हवा तो माणूस मिळतही नाही. एका ठिकाणी तर मुलाखत घ्यायला माणूसच नव्हता. स्क्रीनवर चेहरा होता, यंत्राचा आवाज प्रश्न विचारत होता, मी बोलत होते आणि चाळीस मिनिटांनी 'धन्यवाद' आलं. नंतर काही कळवलंही नाही. ज्या माणसाने दहा-बारा वर्षं कामात घालवली त्याच्यासमोर बसायला कंपनीकडे अर्धा तास नसेल, तर तिथे रुजू झाल्यावर अडचणीच्या वेळी कोण समोर बसणार? तिथल्या पुढच्या फेरीचा विचार मी सोडून दिला.

चोरवाटा वाढल्यामुळे एक बरं होतंय. समोरासमोरच्या मुलाखती परत येताहेत. गुगलनेही २०२५मध्ये किमान एक फेरी प्रत्यक्ष घ्यायचं ठरवलं. पुण्यातल्या एका परदेशी कंपनीच्या केंद्राने मला खराडीला बोलावलं. अशा केंद्रांना जीसीसी म्हणतात, म्हणजे परदेशी कंपनीने आपलं काम व्हेंडरला न देता भारतात स्वतःचंच ऑफिस थाटायचं. नॅसकॉम आणि झिनोव्हच्या २०२४च्या अहवालानुसार देशात अशी १,७००हून जास्त केंद्रं आहेत आणि त्यात सुमारे १९ लाख लोक काम करतात. सेवा कंपन्यांतून गेलेलं बरंचसं काम तिकडे वळलंय. पहाटे नाशिकहून निघाले. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगावपर्यंत गाडी छान पळते आणि चाकणला सगळा वेळ जातो, हे या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

ही मुलाखत मात्र मला आयुष्यभर लक्षात राहील. एका मोठ्या स्क्रीनवर कोड उघडलेला होता आणि शेजारी कोड लिहिणारं एआय टूल. "हे वापरायचं, लपवायचं काही नाही," समोरचे दोघे म्हणाले. काम असं होतं: ग्राहकाला पैसे पाठवणारी एक सर्व्हिस आहे, बँकेकडून कधी कधी उत्तर येत नाही, अशा वेळी पुन्हा प्रयत्न करण्याची सोय घाला. मी टूलला सांगितलं. काही मिनिटांत कोड तयार, तीन वेळा प्रयत्न, प्रत्येक वेळी थोडा जास्त वेळ थांबायचं, सोबत टेस्ट, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. त्यांनी विचारलं, "मर्ज कराल?" म्हणजे हा बदल मुख्य कोडमध्ये घालाल का?

मी नाही म्हटलं. बँकेने 'नाही' म्हणणं वेगळं आणि बँकेकडून उत्तरच न येणं वेगळं. उत्तर आलं नाही म्हणजे पैसे गेले नाहीत असं नसतं. कदाचित पैसे गेलेत आणि फक्त पोच वाटेत हरवली आहे. अशा वेळी पुन्हा पाठवलं तर त्याच माणसाला दोनदा पैसे जातात. टूलने स्वतः लिहिलेल्या टेस्टमध्ये खोटी बँक नेहमी पैसे देण्याच्या आधीच अपयशी होत होती, म्हणून सगळं हिरवं दिसत होतं. प्रत्येक पेआउटला एक कायमचा क्रमांक हवा, तो पाठवण्याआधी आपल्याकडे नोंदलेला हवा, आणि पोच आली नाही तर आधी बँकेला त्या क्रमांकाचं काय झालं ते विचारायला हवं. तरच पुन्हा प्रयत्न.

"मग हेच टूलकडून करून घ्या," ते म्हणाले. मी आधी टेस्ट लिहायला लावली: पैसे गेले, पोच हरवली, ग्राहकाला पैसे एकदाच मिळाले पाहिजेत. आधीचा कोड त्या टेस्टवर लाल झाला. मग अट साध्या वाक्यात लिहिली, आणि टूलने दुसऱ्या वेळी नीट काम केलं. टूलला ते येत नव्हतं असं नाही. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

नंतर त्यांच्याशी यावर बोलणं झालं. त्यांच्यातल्या एकाने मीटर (METR) या संस्थेच्या जुलै २०२५च्या अभ्यासाचा विषय काढला. त्यात आपापल्या ओपन सोर्स प्रकल्पात मुरलेल्या १६ डेव्हलपरना एआय टूल देऊन आणि न देता कामं करायला सांगितली होती. टूल असताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्यांना मात्र आपण २० टक्के लवकर केलं असं वाटत होतं. अभ्यास लहान आहे, टूल्स त्यानंतर सुधारली आहेत, आणि नव्या कोऱ्या कामात मलाही टूलने खूप वेळ वाचतो. पण वेग वाढल्याचं आपल्याला वाटणं आणि तो खरंच वाढणं यातलं अंतर मी रोज बघते. लिहायचा वेळ वाचतो आणि तपासायचा वाढतो. तपासणारा कच्चा असेल तर चूक प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात जाईपर्यंत कळत नाही.

परतीच्या वाटेत मी, दोनदा पैसे जाण्याचा धोका ओळखणं मला कुठून आलं, याचा विचार करत होते. माझ्या पहिल्या नोकरीत मी रात्रपाळीच्या सपोर्टला होते. एका रात्री पैसे पाठवण्याची रांग (क्यू) रीस्टार्ट झाली आणि काही लोकांना दुप्पट रक्कम गेली. माझे तेव्हाचे सीनियर घरून आले, पहाटेपर्यंत बसले, आणि प्रत्येक ओळ मला शेजारी बसवून दाखवली: ही नोंद कधी झाली, बँकेची पोच कधी आली, मध्ये काय तुटलं. ते पुस्तकात नव्हतं. फ्रेशर म्हणून मी तिथे होते म्हणून मला ते दिसलं. कमी पगाराची, कंटाळवाणी वाटणारी, लहानसहान बग सोडवायची ती दोन-तीन वर्षं हीच माझी शाळा होती.

आणि आज नेमकी तीच जागा गायब होतेय. स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेतल्या पेरोलच्या नोंदींवर एक अभ्यास मांडला. २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांचा रोजगार २०२२च्या अखेरीच्या तुलनेत जवळजवळ २० टक्के घटला होता, तर त्याच क्षेत्रातल्या वयाने मोठ्या लोकांचा टिकून होता. आकडे अमेरिकेचे आहेत, पण माझ्या भाच्याची गोष्ट त्याच्याशी जुळते. कॉलेजमध्ये असतानाच त्याला एका मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर मिळालं होतं. पेढे वाटले गेले. जॉइनिंगची तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, मग पुन्हा एक परीक्षा झाली, आणि शेवटी मेल आला की सध्या जागा नाही. माझ्या बहिणीने त्या काळात काय सोसलं ते मी पाहिलंय. आज तो दिंडोरीजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये आहे. निर्यातीच्या मालाची प्लॉटपासून पेटीपर्यंतची नोंद अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर लागते. ती नोंद आणि पॅकहाउसचं वजन-काट्याचं रजिस्टर जुळवायला त्याने पायथनमध्ये छोट्या स्क्रिप्ट लिहिल्यात. पदावर 'डेव्हलपर' लिहिलेलं नाही, पण तिथला हंगाम त्याच्या स्क्रिप्टवर चालतो.

खराडीची ऑफर आली. पगार आधीपेक्षा चांगला. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. मी फोनवर खूप प्रयत्न केला, पण ती अट त्यांच्या मुख्य कार्यालयाची होती आणि कुणालाही सूट नव्हती. मी नम्रपणे नाही कळवलं. घरात त्या रात्री शांतता होती. सासरे मात्र म्हणाले, "पोरी, घाई करू नकोस. तुझ्या हातात काम आहे."

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं आणि मला ते पटलं. तो म्हणाला, सातपूरला सीएनसी मशिनं आली तेव्हा हाताने लेथ चालवणारे टर्नर कमी झाले, पण ज्याला जॉब कसा पकडायचा, टूल कुठे झिजतं, मापात किती सुटतं हे कळत होतं तो सेटर झाला आणि टिकला. मशीनमागे एक सेटर लागतोच. फरक इतकाच, की सीएनसी पसरायला वीस वर्षं गेली, आमच्या आयटीत हे दोन-तीन वर्षांत झालं. तो पुढे म्हणाला, "तू सारखी पुण्याकडे बघतेस. इथल्या अंबड एमआयडीसीत जाऊन बघ. तिथे प्रत्येक शेडमध्ये सॉफ्टवेअर लागतं आणि धड कुणाकडेच नाही."

त्याच्या ओळखीतून अंबडच्या एका छोट्या कंपनीत गेले. लहान आणि मध्यम कारखान्यांसाठी तिथे इन्स्पेक्शन रिपोर्ट, डिस्पॅच, ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं जीएसटीचं बिल) आणि ई-वे बिल (माल रस्त्याने नेताना लागणारा जीएसटीचा कागद) यांचं सॉफ्टवेअर करतात. मालक स्वतः आधी क्वालिटी इन्स्पेक्टर होते. जाण्याआधी शेजारच्या सीए ताईंकडे बसून मी जीएसटीचे नियम वाचले, कारण तंत्र मला येत होतं, त्यांचा धंदा येत नव्हता.

मुलाखतीत जावाचं नाव निघालं नाही. ते म्हणाले, "ताई, संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. टेम्पो गेटवर आहे. बिल झालंय, ई-वे बिलाचा पार्ट ए भरलाय. गाडी नंबर टाकताना पोर्टल लटकलं. ड्रायव्हर म्हणतो मी निघतो. तुमचं सॉफ्टवेअर काय करणार?"

मला खराडीचीच खोली आठवली. हा तोच प्रश्न होता. पोर्टलचं उत्तर आलं नाही म्हणजे पार्ट बी, म्हणजे गाडीची माहिती, भरला गेला की नाही हे आपल्याला माहीत नाही. नवीन ई-वे बिल काढायचं नाही. आधी जुन्याची स्थिती विचारायची आणि गेटवरच्या माणसाला मोठ्या अक्षरात दाखवायची: 'गाडी थांबवा, खात्री झालेली नाही.' राज्यातल्या राज्यात १ लाखाच्या वरचा माल बिनापार्ट-बी रस्त्यावर अडला तर दंड कारखान्याला बसतो. माल निघालाच नाही तर बिल चोवीस तासांत रद्द करता येतं, पण त्यासाठी ते खरंच तयार झालंय की नाही हे कळायला हवं. ई-इनव्हॉइसमध्ये तर सरकारने ही काळजी आधीच घेतली आहे. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्ताचा प्रकार आणि क्रमांक यांतून आयआरएन हा बिलाचा ६४ अक्षरी क्रमांक बनतो, त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा पाठवलं तर पोर्टल नाकारतं. विम्याच्या पेआउटला आम्ही जो कायमचा क्रमांक देत होतो, तोच विचार इथे. अमेरिकेतले दावे आणि अंबडची चलनं यांच्यात इतकं साम्य असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि ते कळल्यावर मनावरचं खूप मोठं ओझं उतरलं. माझं शिकलेलं काही वाया गेलं नव्हतं.

ते हसले आणि म्हणाले, "आमच्या आधीच्या मुलाने हे एआयकडून लिहून घेतलं होतं. चालायचं छान. फक्त पोर्टल बंद पडलं की दोन-दोन ई-वे बिलं निघायची."

पगारावर बोलणं झालं. आधीच्यापेक्षा साधारण पाचवा हिस्सा कमी. मी दिवाळीच्या आधी हो म्हटलं. घरापासून ऑफिस पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि पुण्यात राहायचा खर्च नाही, हे धरलं तर हातात फारसा फरक पडत नाही. पण प्रत्येकाला हे परवडेल असं मी म्हणणार नाही. ज्यांच्यावर मोठं कर्ज आहे, एकच पगार आहे, त्यांना पाचवा हिस्सा कमी होणं म्हणजे मुलांची शाळा बदलणं. नाशिकमध्ये अशा नोकऱ्या अजून खूप कमी आहेत, आणि त्या जाहिरातीत दिसत नाहीत. ओळखीतून, प्रत्यक्ष शेडमध्ये जाऊन, कारखानदाराची अडचण ऐकून मिळतात. अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांत आणि पिंपळगाव-दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये काम आहे. ते 'सीनियर बॅकएंड इंजिनिअर' या नावाने येणार नाही.

हो म्हणताना मी एक अट घातली होती: माझ्या हाताखाली एक फ्रेशर हवा. मालकांना आधी ते पटेना. "टूल आहे ना, आता ट्रेनीचं काम तेच करतं," ते म्हणाले. मी त्यांना विचारलं, पाच वर्षांनी त्या टूलचं काम तपासायला तुम्ही माणूस कुठून आणणार? त्यांनी स्वतः इन्स्पेक्शन बेंचवर व्हर्नियर हातात धरून दिवस काढलेत. त्यांना मुद्दा लगेच कळला. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधर प्रशिक्षणार्थीला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन मिळतं, त्याचाही आधार झाला. वरची रक्कम कंपनी देते.

सिन्नरची एक मुलगी रुजू झाली. पहिले काही आठवडे तिला मी टूलला हात लावू दिला नाही. ई-वे बिल रद्द करण्याचा छोटा भाग तिने हाताने लिहिला, चुकली, पुन्हा लिहिला. मग तेच काम टूलकडून करून घेतलं आणि दोन्ही शेजारी ठेवले. टूलचा कोड नीटनेटका होता, पण चोवीस तास मोजताना त्याने सर्व्हरची घड्याळवेळ धरली होती आणि सर्व्हर भारतीय वेळेवर नव्हता. ते तिने स्वतः शोधलं, मी सांगितलं नाही. नंतर मी तिला दोन दिवस एका ग्राहकाच्या डिस्पॅच विभागात बसायला पाठवलं. तिथून ती अशा गोष्टी घेऊन आली ज्या आम्हा कुणाला माहीत नव्हत्या: एकाच टेम्पोत तीन पार्ट्यांचा माल भरतात, आणि गाडी नंबर ड्रायव्हर फोनवर सांगतो म्हणून अक्षरांची गफलत होते. तिने केलेला बदल आता त्यांच्या गेटवर चालू आहे.

दुसऱ्या फ्रेशरची जागा मार्चनंतर भरायची ठरली आहे. त्याची चाचणी मी तयार करतेय. एक चालू कोड, त्यात टूलने केलेला एक बदल, आणि सोबत कारखान्याचं एक भरलेलं चलन. एआय वापरायची पूर्ण मुभा, वेळ दीड तास. त्यानंतर अर्धा तास मी उमेदवाराच्या शेजारी बसून एकेक ओळ विचारणार आहे: ही का ठेवली, ही का काढली, आणि पोर्टल बंद असताना इथे काय होईल.